शंभरातलं सदतिसावं

चित्राच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात पेन्सिलनं ३७/१०० असं लिहिलेलं असतं आणि उजवीकडे चित्रकाराची सही. मर्यादित आवृत्तीच्या छापील चित्राची ही खूण. माझ्याकडे अशी काही चित्रं आहेत, सगळी जुन्या व्हिडिओ गेममधल्या आकृत्यांवर बेतलेली, रस्त्यांवरच्या भिंती रंगवणाऱ्या चित्रकारांची. ती घेताना मला नेमकं काय हवं असतं, चित्र की तो आकडा? हा प्रश्न मनात बराच काळ आहे, आणि त्याचं उत्तर स्वतःला खरं द्यायचं आहे.

या वाटेवरचं मोठं नाव म्हणजे 'इन्व्हेडर' या टोपणनावानं काम करणारा फ्रेंच कलावंत. तोमोहिरो निशिकादो यांनी १९७८ साली जपानमध्ये 'स्पेस इन्व्हेडर्स' हा गेम बनवला. त्यातले परग्रहवासी इन्व्हेडर १९९८ पासून टाइल्सचे छोटे चौकोन जुळवून शहरांच्या भिंतींवर लावत आला आहे. सुरुवात पॅरिसला झाली. वाराणसीच्या भिंतींवरही त्यानं ते लावले. गेमच्या जुन्या यंत्रांची ताकद तोकडी होती, म्हणून प्रत्येक आकृती मोजक्या चौकोनांत बसवावी लागे. धारवाड-बेळगावकडच्या कसुतीत बायका कापडाचे धागे मोजत गोपुर आणि रथ उभे करतात, तशीच ही मोजणीतून आलेली देखणी रेघ. त्या रेघेवर माझं खरं प्रेम आहे, याबद्दल मनात शंका नाही.

शंका आहे ती कोपऱ्यातल्या आकड्याबद्दल.

ही चित्रं बहुतेक वेळा स्क्रीन प्रिंटिंगनं छापतात. लग्नपत्रिका आणि कापडी पिशव्या छापायची हीच पद्धत आपल्या बाजारपेठांत रुळलेली आहे. प्रत्येक रंगाला वेगळी जाळी, जाळीवरून रबरी पट्टीनं ओढलेली शाई, सपाट आणि ठसठशीत रंग. जाळी शाबूत आहे तोवर प्रती निघत राहतात. शंभरावर थांबण्याची गरज तंत्राला नसते. तिथं कोणीतरी ठरवून थांबतं.

मी निपाणीचा. आजी बिड्या वळायची. तिथं मजुरी हजाराच्या हिशेबानं. पानं भिजवायची, कापायची, तंबाखू भरून वळायची, दोरा बांधायचा, आणि कारखान्यात तपासणीत जी बिडी बाजूला पडेल तिचे कष्ट वाया. आजीच्या हाताला किंमत यायची ती हजार भरल्यावर, आणि माझ्या चित्राला किंमत येते ती शंभरावर थांबल्यामुळे. तिची हजारावी बिडी पहिलीइतकीच नीट वळलेली असे, पण तिच्यावर क्रमांक घालावा असं कोणाला वाटलं नाही. या दोन हिशेबांच्या मध्ये मी उभा आहे, आणि पैसे मोजताना मला आजीचा हिशेब आठवत नाही, दुसराच आठवतो. हे मला बोचतं.

शिवाय ज्या गेमच्या आठवणीवर हे सगळं उभं आहे, ते आमच्यापर्यंत आले तेच नकलेच्या रूपानं. निन्टेन्डोच्या यंत्राची हुबेहूब नक्कल, आणि एकाच कॅसेटमध्ये कोंबलेले मारिओ, कॉन्ट्रा आणि असंख्य गेम. अस्सल कॅसेट निपाणीच्या पोरांना कोण देणार होतं? मूळ बनवणाऱ्यांना त्यातून काही मिळालं नसणार, तो अन्याय खराच. पण प्रती मोकाट सुटल्या म्हणूनच मारिओ आमच्या गल्लीत आला. टीव्ही एका घरी, दारात दहा पोरं, पाळी येईपर्यंत ओरडायचं. त्या आनंदात माझ्याकडे आहे आणि तुझ्याकडे नाही, हा भाग जवळजवळ नव्हता. मोठेपणी त्याच आनंदाचं चित्र मी विकत घेतो आणि त्यात नेमका तोच भाग घालून घेतो.

राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या लक्ष्मी-सरस्वती घराघरांतल्या देव्हाऱ्यांपर्यंत पोचल्या. प्रती अशा मोकळ्या सोडणं, हाच मला छपाईचा धर्म वाटतो.

तरी कलावंताची बाजू मी सोडणार नाही. भिंतीवरच्या कामाचे त्याला अनेकदा पैसे मिळत नाहीत, उलट दंडाची भीती. शंभर प्रती चांगल्या किमतीला गेल्या तर तो पुढची भिंत रंगवतो. मर्यादा ही त्याची भाकरी आहे. माझी ती भाकरी नाही, आणि त्याची गरज पुढे करून मी माझी हाव झाकू नये. इन्व्हेडरच्या टाइल्स लोक भिंतीवरून उचकटून नेऊ लागले, तेव्हा त्यानं काढताना फुटतील अशा टाइल्स वापरायला सुरुवात केली. मी भिंतीला हात लावलेला नाही. पण रस्त्यावरची, सगळ्यांची गोष्ट फक्त आपल्या घरात असावी, ही ओढ त्या उचकटणाऱ्याच्या आणि माझ्या मनात किती वेगळी आहे?

म्हणून एक कसोटी लावली. हेच चित्र उद्या लाखभर छापलं आणि खडेबाजारात कॅलेंडरच्या भावात मिळालं, तर मी ते भिंतीवर लावीन का? बहुतेक चित्रांना उत्तर लगेच आलं, हो. शाई उन्हानं उडेल आणि किंमत उतरेल म्हणून ती मी कपाटात ठेवली होती. आता फ्रेम करायला टाकणार आहे, आल्यागेल्याला दिसतील अशी. एका चित्राला मात्र उत्तर नाही असं आलं. ते मी निव्वळ आकड्यासाठी घेतलं होतं. विकावं म्हटलं तर घेणाराही त्याच आकड्यासाठी घेणार, आणि माझी भूल मी नफा घेऊन दुसऱ्याच्या गळ्यात घालणार. त्याचं काय करायचं, ते अजून ठरलेलं नाही.