घरातले कट्टे आणि वावरातली शेंग

जळगाव जामोदच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी, दोन भावांची वावरं एकाच धुऱ्याला लागून होती. विहीर सामाईक, पाण्याची पाळी ठरलेली. 2023च्या जूनअखेरीस दोघांनी एकाच आठवड्यात सोयाबीन पेरलं, मधूनमधून तुरीचं एकेक तास टाकलं. फरक होता तो घरात. धाकट्याने आदल्या हंगामातलं सोयाबीन केव्हाच विकलं होतं. थोरल्याच्या ओसरीवर मात्र कट्ट्यांची थप्पी तशीच होती. फेब्रुवारीत क्विंटलला पाच हजारांच्या वर भाव होता, तेव्हाही त्याचं मन झालं नाही.

याच तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय तृतीयेला घटमांडणी होते. शेतात गोल आखून भोवती अठरा धान्यं मांडतात. मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं ठेवतात, त्यांवर पाण्याची घागर. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांत काय बदल झाला ते पाहून पाऊस-पिकाचं आणि भावाचं भाकीत सांगतात. दाणे हलले म्हणून बाजार हलतो, असं मी मानत नाही. पण पेरणीच्या तोंडावर धास्तावलेला माणूस तिथे का जातो, ते मला कळतं. थोरलाही गेला होता आणि परतला तो ‘भाव’ एवढा एकच शब्द मनात घेऊन.

22 जुलैला तालुक्यावर आभाळ फाटलं. नदी-नाल्याकाठची वावरं खरडून गेली. भावांची वावरं उताराची होती म्हणून वाचली. आणि मग पाऊस गेला तो गेलाच. देशात 1901पासूनच्या नोंदींतला तो सगळ्यांत कोरडा ऑगस्ट ठरला. पाऊस सरासरीपेक्षा 36 टक्के कमी. सोयाबीन नेमकं फुलावर होतं. दुपारी पानं मिटायची, तासातासाने फुलं गळून पडायची.

विहिरीत थोडं पाणी होतं. सगळ्या वावराला पुरणारं नव्हे, पण झाड जिवंत ठेवण्यापुरतं. लाइन रात्री यायची. धाकटा आणि त्याची बायको बॅटरीच्या उजेडात स्प्रिंकलरचे पाइप या तासातून त्या तासात हलवत राहिले. थोरला आपल्या पाळीलाही उठला नाही.

माय एकदा त्याच्याजवळ बसली. “पाणी काऊन नाही देत रे बा?”

“मजुरी लावून काय निघणार हाये त्यातून? दुष्काळ पडला तर भाव चढते, माय. वावरातलं गेलं तरी घरातल्यात निघते.”

म्हातारीने थप्पीकडे पाहिलं. “म्हणजे घरातल्या कट्ट्यासाठी तू आपलंच वावर मराची वाट पाहून राह्यला?”

थोरल्याने उत्तर दिलं नाही. पण तिने बरोबर ओळखलं होतं. रोज सकाळी तो आभाळाकडे पाहायचा आणि ते निरभ्र दिसलं की त्याला बरं वाटायचं. शेतकऱ्याच्या वाट्याला याहून वाईट दिवस येऊ नयेत असं मला मनापासून वाटतं. कर्जाने, नापिकीने माणूस खचतो. पण स्वतःच्या वावराच्या वाइटावर तो टपून बसला की त्याचं शेतकरीपणच संपतं.

सप्टेंबरच्या मध्याला पाऊस आला. सारं गाव ओलं होऊन हसत होतं, आणि थोरला ओसरीवर बसून पावसावर चिडला होता.

दोन्ही वावरांत पाणी सारखंच पडलं. पण उशिराचा पाऊस गळालेलं फूल झाडावर परत चिकटवत नाही. जी शेंग धरलेली आहे, तिच्यातला दाणा तेवढा तो भरतो. धाकट्याच्या झाडांची पानं अजून हिरवी होती, शेंगा कोवळ्या होत्या; पाणी मुळाशी गेलं आणि दोन आठवड्यांत दाणा टपोरा झाला. थोरल्याचं सोयाबीन वेळेआधीच पिवळं पडलं होतं. पावसाने तिथे तण उठलं, आणि ज्या थोड्या शेंगा वाळून तयार होत्या त्यांतल्या काहींत दाण्याला झाडावरच कोंब फुटले. सोंगणी झाली तेव्हा धाकट्याची एकरी झडती नेहमीच्या निम्म्याहून जरा जास्त भरली. थोरल्याची मळणीची मजुरीही निघाली नाही.

आणि भाव? तो चढला नाही. ऑक्टोबरात सोयाबीन हमीभावाच्या, म्हणजे 4,600 रुपयांच्या आसपास घुटमळत होतं. एका तालुक्याच्या दुष्काळाने त्याचा भाव ठरत नाही. 2022-23च्या तेलवर्षात देशात सुमारे 165 लाख टन खाद्यतेल बाहेरून आलं, जूनमध्ये रिफाइंड सोयातेलावरचं आयातशुल्कही कमी झालं होतं. ओसरीवर बसून ज्याची वाट पाहिली, त्याचा निकाल बंदरावर आधीच लागला होता. हर्रासात अडत्याने मूठभर दाणे तळहातावर घेतले, वर्षभर पडून रंग उतरलेला माल पाहिला आणि फेब्रुवारीत मिळाला असता त्याहून बराच कमी भाव पुकारला. थोरल्याने तो घेतला.

तुरीने मात्र दोघांनाही हात दिला. तिची मुळं खोल जातात, फुलं येतात ती पावसाळा सरल्यावर. ऑगस्टचा ताण तिने सोसला होता आणि सप्टेंबरची ओल तिच्या कामाची होती. थोरल्याने तिच्यासाठीही काही केलं नव्हतं, तरी ती उभी होती. मायने त्याला मुद्दाम वावरात नेऊन ती दाखवली.

“सोयाबीन निघालेल्या पट्ट्यात ओल हाये अजून,” ती म्हणाली. “हरभरा टाक. भावाचं मंग पाहू.”

कट्ट्यांच्या पैशातून त्याने बियाणं आणलं. पेरणी झाल्यावर धाकट्याच्या दारात जाऊन उभा राहिला.

“आज रात्री लाइन कितीले येते रे?” त्याने विचारलं. “पाइप मी हलवतो. तू झोप.”