मिरगापर्यंतचं पाणी

तीन दिवसांत तीन किल्ले, असा बेत होता. २०२४ च्या जानेवारीत २६ तारीख शुक्रवारी आली आणि आम्हा चौघा मित्रांना सलग तीन सुट्ट्या मिळाल्या. पहिल्या दिवशी आशेरी, दुसऱ्या दिवशी कोहोज, परतताना सकवारजवळचा टकमक, आणि दोन्ही रात्री डोंगरावर. हे ठरवायला आम्हाला महिना लागला, कारण त्यातला बराचसा वेळ अमेरिकेतल्या वाळवंटी उद्यानांचे व्हिडिओ बघण्यात गेला. जोशुआ ट्री, झायन, कॅनियनलँड्स. हिवाळ्यात गाडी काढायची, दिवसा कडे चढायचे, रात्री ताऱ्यांखाली तंबू ठोकायचे. कॅनियनलँड्सच्या खडकांत पावसाच्या पाण्याची लहान लहान डबकी साचतात. त्यात हातही बुडवू नका, अंगाला लावलेलं क्रीम पाण्यात उतरतं आणि आतले बारीक जीव मरतात, असं तिथं बजावून सांगतात. तो व्हिडिओही आम्ही पाहिला होता. ‘याला म्हणतात शिस्त,’ असं एकमेकांना म्हणालोही होतो.

पाचवा माझा मामा. आमच्यासारखाच विरारचा, साठी ओलांडलेला. डहाणूपर्यंत लोकल २०१३ साली धावू लागली; मामा त्याच्या कितीतरी आधीपासून पहाटेची शटल पकडून पालघरला उतरायचा आणि एसटीने डोंगर गाठायचा. आमच्या पाठीवर प्रत्येकी काही हजारांचं सामान. त्याच्या पिशवीत घोंगडी, सुती दोर आणि विहिरीवर असतो तसला ॲल्युमिनियमचा पोहरा.

“मामा, हा कशाला? वर विहीर आहे काय?”

“टाकं आहे,” मामा म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत बसला.

खानिवड्याचा टोलनाका, वरई फाटा, वैतरणेचा पूल, मग मनोरचा मस्तान नाका. तिथं चहा-वडापाव झाला आणि आम्ही थोडं पुढं जाऊन खोडकोना गावात शिरलो. गावाच्या टोकाला एक म्हातारी ओटीवर ऊन खात बसली होती. मामाची जुनी ओळख निघाली. आम्ही वर चाललोय म्हटल्यावर तिने आतून एक रिकामी बाटली आणली आणि नेमकी माझ्याच हातात दिली.

“गुहेजवळच्या टाक्याचं पाणी आण, पोरा. देवीच्या जवळचं. माझ्या गुडघ्यांनी आता वर जाववत नाही.”

मी ती सॅकच्या बाजूच्या कप्प्यात खोचली. ‘नक्की आणतो, आजी.’ किती सहज म्हणतो आपण हे.

आशेरीची चढण फार मोठी नाही. गडाची उंची सुमारे १६८० फूट. खिंडीत आदिवासींच्या देवाचा कोरीव लाकडी खांब आहे, तिथवर रमतगमत जाता येतं. मग कातळ लागतो, लोखंडी शिडी लागते, आणि वर पोहोचताना पोर्तुगिजांचं राजचिन्ह कोरलेला दगड दिसतो. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत हा गड मराठ्यांकडे आला. वसई-विरारच्या माणसाला हा इतिहास शाळेपासून पाठ असतो, म्हणून आम्ही जरा ऐटीतच त्या दगडाचे फोटो काढत होतो. मामाने एकही काढला नाही.

“राजाचं चिन्ह बघ पायाशी आलंय,” तो म्हणाला. “टाकं मात्र अजून कामाला येतं.”

टाक्यापाशी पोहोचल्यावर त्याने पोहरा दोराला बांधून आत सोडला. भरून काढला, चार पावलं मागं सरकला, उकिडवा बसला आणि मगच प्यायला. पाणी गार आणि गोड होतं. “यात हात घालायचा नाही, बाटली बुडवायची नाही. फक्त पोहरा. भांडी घासायची ती पाणी घेऊन तिकडे, लांब, उतारावर.” आम्ही माना डोलावल्या.

रात्री गुहेबाहेर तीन दगडांची चूल मांडली. आदल्याच दिवशी पौष पौर्णिमा झालेली, त्यामुळे चांदणं असं की टॉर्च लागू नये. अर्नाळ्याचे सुके बोंबील आणले होते. ते तेलात, मिरचीत आणि लसणीत असे परतले की त्या वासावर मामासुद्धा दोन पाव जास्त जेवला. आमच्या महागड्या स्टोव्हकडे कोणी बघितलंही नाही, हे जाता जाता सांगून टाकतो.

भांड्यांची पाळी माझी होती. पोहरा मामाच्या उशाशी, दोर त्याच्या घोंगडीखाली अडकलेला, आणि बाहेर थंडी. मी कढई, साबण आणि काथ्या घेऊन टाक्याच्या काठावर गेलो. एकदाच बुडवून घेऊ म्हटलं. मग दुसऱ्यांदा. दोन मिनिटांचं काम. अंधारात केलं असंही म्हणायची सोय नाही. चांदण्यात सगळं लख्ख दिसत होतं.

सकाळी मामा सर्वांआधी उठला. मी गेलो तेव्हा तो हातात रिकामा पोहरा घेऊन काठावर उभा होता. पाण्यावर तेलाचा तवंग पसरला होता आणि कोवळ्या उन्हात त्यावर सात रंग चमकत होते. एका कोपऱ्यात साबणाचा फेस, त्यात बोंबलाचा तुकडा.

“सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीत विसळली असतीस का रे कढई?”

मी गप्प. आमच्या सोसायटीत टँकरवरून भांडणं होतात. टाकीचं झाकण उघडं राहिलं तर वॉचमनचा उद्धार होतो.

“तुझ्या नळाला सूर्येचं पाणी येतं,” मामा म्हणाला. “मासवणला उचलतात, धुकटणला शुद्ध करतात, मग तुझ्यापर्यंत आणतात. नाही आलं तर तू टँकरला फोन करतोस. इथं कोणाला फोन करायचा?”

मी पोहरा मागितला. म्हटलं, उपसून टाकतो सगळं, तळ घासून काढतो. मामाने तो दिला नाही.

“उपसलंस तर भरणार कोण? याला झरा नाही. मिरगात पाऊस पडेल तेव्हा भरेल. तोवर जे आहे ते हेच.”

घाण पाण्याने धुवायची, एवढंच मला ठाऊक होतं. पाणीच घाण केल्यावर ते कशाने धुवायचं? आम्ही फडक्याने तवंग टिपला, फेस आणि तुकडे वेचून काढले. वरून बरं दिसू लागलं, पण वास गेला नाही.

मग बाटलीची आठवण झाली. एक मित्र म्हणाला, दुसरं टाकं आहे की, तिथलं भर. दुसरा म्हणाला, गाडीत बंद बाटल्यांचा अख्खा खोका पडलाय, म्हातारीला काय कळणार? मी मामाकडे पाहिलं. तो ओरडेल असं वाटलं होतं.

“भर की,” तो म्हणाला. “फक्त देताना तू दे.”

रिकामी बाटली घेऊनच मी खाली उतरलो. म्हातारी ओटीवरच होती. मी सांगितलं. आधी पोहऱ्याचं, थंडीचं सांगू लागलो, मग ते सोडून नुसतं एवढंच सांगितलं की टाक्यात कढई मी धुतली. तिने ऐकून घेतलं.

“तेल किती होतं?”

मी हाताने दाखवलं.

“मग आता मिरगापर्यंत नाही,” ती म्हणाली. उठली, बाटली कुडाच्या खुंटीला उलटी टांगली आणि सुनेने विहिरीवरून आणलेल्या हंड्यातलं पाणी तांब्यात काढून आम्हाला दिलं. पाचही जणांना. ते माझ्या घशाखाली उतरता उतरत नव्हतं.

मला वाटलं, झालं, आता कोहोज. मित्र गाडीत बसलेही होते. एवढ्यात सॅका घेतलेलं एक टोळकं गावात शिरलं आणि त्यांच्यातल्या एकाने मामाला विचारलं, “काका, वर प्यायचं पाणी आहे ना?”

मामाने माझ्याकडे बोट केलं. “त्याला विचारा.”

तो दिवस मी खिंडीत त्या लाकडी खांबापाशी बसून काढला. मित्रांनी मस्तान नाक्यावरून वीस-वीस लिटरचे दोन जार आणले आणि कुरकुरत वर चढवले. येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगायचो, गुहेजवळच्या टाक्याचं पाणी पिऊ नका. ते विचारायचे, का? मग तेही सांगायचो. कोणी हसलं, कोणी शिवी हासडली. एका बाईंनी काही न बोलता मुलाची बाटली जारमधून भरून घेतली. ते शिवीपेक्षा जड गेलं. संध्याकाळपर्यंत सात टोळकी झाली. रविवारी दुपारपर्यंत आणखी चार. मामा शेजारी बसून होता. त्याने या दोन दिवसांत मला एकदाही उपदेश केला नाही, आणि मध्ये पडून माझी सुटकाही केली नाही.

जुलैत पावसाने दोन दिवस उघडीप दिली तेव्हा मामा आणि मी पुन्हा गेलो. म्हातारीने खुंटीवरची बाटली काढून दिली. ओल्या शिडीवर जपून पाय टाकत वर पोहोचलो. टाकं काठोकाठ भरून सांडत होतं आणि सांडलेलं पाणी कातळावरून वाहत खाली जात होतं. मी पोहरा सोडला. बाटली भरली.

खाली आल्यावर म्हातारीने बूच काढलं, वास घेतला आणि बाटली परत माझ्यापुढे धरली.

“आधी तू पी.”

मी प्यायलो. मग ती प्यायली.

कोहोज आणि टकमक अजून राहिलेच आहेत.