हरलं म्हणजे मेहनत कमी पडली?

इंजिनिअरिंगच्या पहिल्याच वर्षी मॅथ्समध्ये केटी लागली. नांदगावला घरी आलो, तर शाळेतले गणिताचे सर भेटले. म्हणालो, "सर, मेहनत कमी पडली." ते म्हणाले, "कुठे चुकलं ते पाहिलंस का? की नुसताच स्वतःला दोष देतोयस? आपल्याकडे विहिरीला पाणी लागलं नाही, तर खोदणाऱ्याला कोणी आळशी म्हणतं का?"

तेव्हा पटलं नाही. पटलं 2018 मध्ये. शेजारच्या चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ आशियाई स्पर्धेत रोइंगच्या सिंगल स्कल्समध्ये शेवटचा आला. तब्येत बिघडली होती. दुसऱ्याच दिवशी, 24 ऑगस्टला, त्यानेच तीन साथीदारांसोबत क्वाड्रपल स्कल्सचं सुवर्ण जिंकलं. एका रात्रीत काही मेहनत वाढत नाही.

म्हणून 'मेहनतीचं फळ मिळतंच' हे वाक्य मला आता गोड नाही, क्रूर वाटतं. ते हरलेल्या प्रत्येकाला कामचुकार ठरवतं. मेहनत आपल्या हातात असते, निकाल पूर्णपणे नसतो. पण का हरलो, हे शोधणं मात्र आपल्याच हातात असतं.

आजही माझा कोड प्रॉडक्शनमध्ये पडला, की स्वतःला शिव्या घालायच्या आधी मी लॉग उघडतो.