थंडी सोसावी कोणाची?

शीत आणि उष्ण येतात व जातात, ते सोसावेत, असे भगवंतांनी दुसऱ्या अध्यायात अर्जुनास सांगितले. मग हिवाळ्यात घरच्या उबेचे सुख घेणे गृहस्थास दोषास्पद आहे काय?

बंगळूरचे पीण्या औद्योगिक क्षेत्र १९७० च्या दशकात वसले. सुमारे ९०० मीटर उंचीवरील या नगरीत डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १५ अंशांच्या आसपास उतरतो. तेथील एखाद्या लहान कारखान्यात लेथवर राबणारा मराठी कामगार रात्रपाळी करून पहाटे घरी येतो. धनुर्मासाची ऊन ऊन मुगाची खिचडी, वर चमचाभर तूप आणि निजावयास जुन्या लुगड्यांची गोधडी, एवढेच त्याचे वैभव. यात विलास नाही. सहाव्या अध्यायातील युक्त आहार-विहार तो हाच. देह सावरला तरच उद्याचे कर्म घडते.

दोष शिरतो तो अन्य वाटेने. जुने लुगडे वाया न घालविता त्याची गोधडी शिवणे ही काटकसर. पण फाटकाशी रखवालदार कुडकुडत असता दुसरी गोधडी पेटीत कुलूपबंद ठेवणे ही कृपणता. जो केवळ स्वतःसाठी रांधतो तो पापच खातो, हा तिसऱ्या अध्यायातील इशारा उबेलाही लागू आहे.

थंडी सोसावी ती आपली. दुसऱ्याची थंडी शांतपणे पाहत राहणे ही तितिक्षा नव्हे, निष्ठुरता होय. वाचकहो, संक्रांतीचा तिळगूळ वाटण्यापूर्वी आपापली पेटी एकदा उघडून पाहावी.