गोळी, बीजकाल आणि पाप

आपत्कालीन गर्भनिरोधक गोळी म्हणजे छुपी भ्रूणहत्याच होय, असा आक्षेप धर्मनिष्ठ मंडळींकडून वारंवार घेतला जातो. त्यांस उत्तर देणारे सुधारकही पुष्कळदा स्त्रीस्वातंत्र्याचा मंत्र म्हणून मोकळे होतात. ही गोळी शरीरात नेमके काय करते, हा साधा प्रश्न मात्र उभयपक्षी बाजूस पडतो. साक्षीदार न तपासता निकाल देण्याचा हा प्रकार आहे.

पुंबीज स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरते. स्त्रीबीजाचे आयुष्य सुटल्यापासून जेमतेम एक दिवसाचे. म्हणजे समागम आणि गर्भधारणा यांत कित्येकदा काही दिवसांचे अंतर असते, आणि गोळीला जे काही साधावयाचे ते या अंतरातच. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या गोळीतील लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे द्रव्य, बीज सोडण्याची आज्ञा मेंदूतील ग्रंथीकडून निघण्यापूर्वी पोटात गेले, तर ती आज्ञा लांबणीवर टाकते. आज्ञा एकदा निघाली की गोळीचे फारसे चालत नाही. बीज सुटल्यावर तर मुळीच नाही. २०११ साली चिलीतील संशोधकांनी प्रसिद्ध केलेले आकडे लहान आहेत खरे, पण बोलके आहेत. बीज सुटण्यापूर्वी गोळी घेतलेल्या १०३ स्त्रियांत सुमारे १६ गर्भधारणा अपेक्षित होत्या. झाली एकही नाही. त्या दिवशी वा नंतर घेतलेल्या ४५ स्त्रियांत अपेक्षा सुमारे ९ ची होती, आणि गर्भ राहिले ८.

यातून मोठा चमत्कारिक न्याय निष्पन्न होतो. ज्या दिवशी गोळी निष्फळ ठरते, त्याच दिवसाच्या साक्षीने ती भ्रूणहत्येच्या आरोपातून सुटते. फलित बीजाला रुजू न देण्याचे सामर्थ्य तिच्यात असते, तर ते ८ गर्भ राहिलेच नसते. आरोपी निर्दोष ठरला तो दुर्बळ म्हणून! परंतु हीच साक्ष पुढे करणाऱ्याने तिचा दुसरा अर्धा भाग लपविणे अप्रामाणिकपणाचे होय. ‘७२ तासांत घ्या आणि निर्धास्त राहा’ हे आश्वासन त्या अर्ध्यापुरते खोटे आहे.

१९३५ च्या डिसेंबरात मार्गारेट सँगर वर्ध्यास गांधीजींना भेटल्या. कृत्रिम साधनांस गांधीजींचा विरोध अढळ राहिला. तथापि ‘सुरक्षित’ दिवसांच्या मार्गाविषयी त्यांनी त्यातल्या त्यात सौम्य भाव दाखविला, कारण उरलेल्या दिवसांत तरी संयम घडतो. पण ते दिवस ओळखावयाचे कसे? बीज सुटते ते पुढील पाळीच्या सुमारे चौदा दिवस आधी. अर्थात हिशेब उलटा करावयाचा, आणि पुढची पाळी तर अजून यावयाची असते. पाळी अनियमित असली म्हणजे हे ज्ञान वरातीमागून घोडे अशा जातीचे ठरते. मुंबईत १९२१ साली संततिनियमनाचे केंद्र काढणारे र. धों. कर्वे स्वतः गणिताचे प्राध्यापक होते. १९२७ पासून १९५३ पर्यंत चालविलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकापायी त्यांच्यावर खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते. कर्व्यांच्या सगळ्याच मतांशी सहमत होणे कठीण. पण शरीराविषयीची गोष्ट आडपडद्यावाचून सांगावी, हा त्यांचा आग्रह मला त्यांच्या सुधारकपणाहून मोलाचा वाटतो.

बीज कधी सुटले याची पर्वा न करणारे साधन आहे, ते तांबी. पाच दिवसांच्या आत बसविल्यास ती शंभरात एखादे वेळीही क्वचितच चुकते. ती मुख्यतः पुंबीजास निकामी करते; परंतु फलित बीज रुजण्यास तिचा कधीच अडथळा होत नाही, अशी ग्वाही देता येत नाही. ज्या स्त्रीची श्रद्धा त्या बीजाला जीव मानते, तिला हेही कळले पाहिजे. तिची निवड तिने करावी.

गोळी खामगाव, मेहकर, चिखलीच्या दुकानात चिठ्ठीवाचून मिळते. तांबीसाठी शिकलेला हात लागतो, आणि लहान गावात त्या हातापर्यंत पोहोचावयाचे म्हणजे ओळखीच्या चार नजरांतून जावे लागते. घाबरलेल्या मुलीला एवढे सगळे सांगून तिचा धीर का खचवावा, असे काही सहृदय माणसे विचारतात. पण गोळीचा भरवसा किती हे जिला कळले, ती तिसऱ्या दिवशी दवाखाना गाठू शकते, निदान तीन आठवड्यांनी तपासणी तरी करून घेते. जिला धीर मिळाला ती पाळीची वाट पाहत बसते.