धरणारा हात, धरू देणारा हात

होव्हरबोर्ड या पायांखालच्या दोनचाकी फळीविषयी घरोघरी होणारी चर्चा दोन वाक्यांत आटोपते. एक पक्ष म्हणतो, मुलांच्या हातचा मोबाइल सुटला, आईवडील त्यांच्याबरोबर खेळले, घर एकत्र आले. दुसरा म्हणतो, तोल यंत्रच सांभाळते, मग यात शिकायचे ते काय? पहिल्या पक्षाशी वाद घालण्यात अर्थ नाही. एकत्र असणे आणि एकमेकांच्या उपयोगी पडणे या वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे म्हणून पुढे जाता येते. दुसऱ्याची मात्र दखल घेतली पाहिजे, कारण तो दिसतो शहाणपणाचा आणि शिकण्याविषयीची आपली समजच कोती करतो.

या यंत्राचा इतिहास थोडक्यात असा. डीन केमेन यांनी २००१ मध्ये सेगवे ही दांडा धरून उभ्याने चालवायची दोनचाकी जगापुढे आणली तेव्हा शहरे बदलण्याची भाषा झाली. २०२० मध्ये तिचे उत्पादन थांबले. दरम्यान २०१५ च्या सुमारास दांडा नसलेली ही छोटी फळी मुलांपर्यंत पोहोचली. बॅटरी पेट घेते म्हणून २०१६ मध्ये अमेरिकेत पाच लाखांवर फळ्या परत मागवाव्या लागल्या. तो धोका खरा आहे. बॅटरी आणि चार्जर पारखूनच घ्यावेत, हेल्मेट घालावे. पण तो वस्तूच्या दर्जाचा प्रश्न झाला, शिकण्याचा नव्हे.

आता मूळ आक्षेप. फळीचे दोन भाग मधोमध सांध्याने जोडलेले असतात. आतले जायरोस्कोप आणि प्रवेगमापी पावलाखालचा कल सतत मोजतात, आणि त्यानुसार चाकातल्या मोटरी फिरतात. चवड्यांवर भार दिला की फळी पुढे, टाचांवर दिला की मागे. एकच पाऊल दाबले की वळण. तेव्हा तोल यंत्र राखते हे खरेच. पण यंत्राला कळतो तो फक्त कल. तो पुढे जाण्याच्या इच्छेतून आला की पडण्याच्या धास्तीतून, हे त्याला कळत नाही. नवशिका घाबरून मागे रेलतो, तशी फळी मागे धावते. तो दचकून पुढे झुकतो, तशी ती पुढे झेपावते. गुडघे थरथरतात, नजर पायांना चिकटते. यंत्रात बिघाड काहीच नसतो. ते बिचारे प्रत्येक भीती आज्ञा समजून पाळत असते. भीती आणि इच्छा यांची फारकत ज्याची त्यालाच आपल्या घोट्यांत करावी लागते. पाणी माणसाला तरंगवते म्हणून पोहणे शिकावे लागत नाही, असे कोणी म्हणत नाही.

यावर उत्तर येते की ही नुसती सवय आहे आणि ती चटकन लागते. लागू दे. एखादी गोष्ट लवकर येते म्हणून ती शिकणे ठरत नाही, हा कुठला न्याय? तत्त्वज्ञ मायकेल पोलानी यांनी १९५८ च्या आपल्या ग्रंथात सायकलचा दाखला दिला होता. तिच्या तोलाचा नियम गणितात मांडता येतो, पण तो पाठ करून कोणी सायकल शिकत नाही. फळीचे गणित तर यंत्राच्या पोटातच भरलेले आहे. तरीही चढणाऱ्याला शिकावे लागतेच, यावरून शिकणे त्या गणितात नव्हते हेच दिसते.

घरातल्यांचे काम इथे सुरू होते. सायकल शिकवताना बाप कॅरियर धरून मागे धावतो. तोलाचा काही भार त्याच्या हातात असतो आणि तो योग्य वेळी सोडतो. फळीवर ही रीत चालत नाही. आईने समोरून हात ओढला की मुलाचे अंग पुढे येते, चवडे दबतात आणि फळी तिच्याच अंगावर येते. चालते ते एवढेच: हात स्थिर ठेवून उभे राहायचे आणि मुलाला हवे तितके धरू द्यायचे. उतरतानाही त्याला खेचायचे नाही. एक पाऊल त्याचे त्यानेच मागे टाकायचे असते. बाबांची पाळी आली की मूलही हेच करते. त्यांचा भार त्याला पेलणार नाही, पण तशी गरजही नसते. बोटे टेकवायला त्याचा खांदा पुरतो.

म्हणून माझ्या मते खरा फरक यंत्राचा तोल आणि माणसाचा तोल यांत नाही. तो धरणे आणि धरू देणे यांत आहे. धरणारा आपल्या काळजीच्या मापाने जोर लावतो. धरू देणारा शिकणाऱ्याच्या गरजेच्या मापाने आधार देतो. हे सगळीकडे लागू पडेल असे मी म्हणत नाही. रस्ता ओलांडताना लहान मुलाचा हात घट्टच धरला पाहिजे. पण आपल्या घरांत माया म्हणजे धरणे हे इतके पक्के बसले आहे की मुलाची शाखा, नोकरी, लग्न या प्रत्येक ठिकाणी आपण ओढतो, आणि ओढल्याचा परिणाम वर्षानुवर्षे कोणाला दिसत नाही. फळीवर तो त्याच क्षणी दिसतो. यंत्राने तोल सांभाळला म्हणून माणसांचे काम संपत नाही. कोणी कोणाला किती धरावे हा प्रश्न उलट लख्ख समोर येतो, आणि तो घरातल्या माणसांनीच सोडवायचा असतो.