दोन्हीकडचा रेणू

देवणीच्या काळ्या रानात खरिपाला सोयाबीन असतं आणि गोठ्यात याच गावाच्या नावानं ओळखली जाणारी देवणी गाय. तेल आणि पाणी एकत्र नांदवणारं द्रव्य या दोघांनाही निसर्गानं दिलं आहे.

दूध म्हणजे बहुतांशी पाणी. तरी लोणी देणारी स्निग्धता त्यात बारीक थेंबांच्या रूपानं तरंगत असते. प्रत्येक थेंबावर फॉस्फोलिपिड आणि प्रथिनांचं पातळ आवरण असतं. घुसळताना ते फुटतं, थेंब एकमेकांना चिकटतात आणि लोणी वर येतं. सोयाबीनच्या कच्च्या तेलात पाणी घालून जो चिकट गाळ वेगळा काढतात, त्यापासून लेसिथिन मिळतं. तेही मुख्यतः फॉस्फोलिपिडांचंच मिश्रण. अंड्याच्या बलकातून अशाच द्रव्याचा शोध घेणाऱ्या थिओडोर गोब्ले या फ्रेंच रसायनतज्ज्ञानं त्याला १८५० मध्ये लेसिथिन हे नाव दिलं. आज ते क्रीम-लोशनमध्ये इमल्सिफायर म्हणून, म्हणजे तेल-पाणी एकत्र धरून ठेवायला, वापरलं जातं.

फॉस्फोलिपिडाच्या रेणूच्या एका टोकाला पाण्याची ओढ, दुसऱ्याला तेलाची. म्हणून तो दोघांच्या सीमेवर उभा राहतो आणि तेलाला तेल, पाण्याला पाणीच राहू देतो. थंडीत उललेल्या हातांना क्रीम लावलं की पाणी त्वचा भिजवतं आणि तेल तो ओलावा लवकर उडू देत नाही. पण यालाही प्रमाण हवं. साबणाचा रेणूही असाच दुटोकी. त्याचा अतिरेक झाला की त्वचेचं स्वतःचं तेलही धुऊन जातं आणि कातडी रखरखीत होते.

मध्यस्थानं तटस्थ असावं, असं आपण मानतो. पण दोघांशीही नातं नसलेला कण तेल-पाण्याला धरून ठेवूच शकत नाही. कर्नाटकाच्या सीमेलगतच्या देवणी भागात मराठीबरोबर कानडीही कानांवर पडते. दोन्ही भाषा जाणणारा माणूस बांधावरचा तंटा लवकर समजून घेतो, कारण दोघांचंही म्हणणं त्याला त्यांच्याच बोलीत कळतं.

घरात किंवा भावकीत आज दोन माणसांचा अबोला असेल, तर त्यांना बदलायला लावण्याआधी दोघांचंही दुःख आपण थोडं आपलं मानू या. मध्ये उभं राहण्याचा अधिकार त्यातूनच मिळतो.